कार्यशाळेत मिळालेली नजर

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे निमंत्रण आले, तेव्हा लेखणी थेट तांत्रिक विभागाच्या कार्यशाळेकडे आणि फिटिंग शिकवणाऱ्या आमच्या सरांकडे वळली. यंत्रभाग तपासणीच्या कामात आज मी समाधानाने स्थिरावलो आहे, त्याचे श्रेय मी त्यांनाच देतो.

जॉब, म्हणजे घडवायला दिलेला धातूचा तुकडा, सरांच्या हाती देण्याआधी स्वतः घेतलेली त्याची मापे वहीत लिहावी लागत. मग ते मोजत आणि गुण देताना जॉबइतकेच त्या आकड्यांच्या खरेपणाकडे पाहत. एकदा नमुना म्हणून त्यांनी स्वतः एक चौकोनी तुकडा कानशीने घासला. काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडासमोर धरला, तर पात्याखाली केसाएवढी फट दिसली. तास संपल्याची घंटा झाली होती. तरी सरांनी तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या पकडीत, आवळला, उंचवट्यावर हलक्या हाताने कानस फिरवली आणि उजेड पूर्ण अडेपर्यंत ते थांबले नाहीत. आमच्यापैकीही कोणी जागचे हलले नाही.

लेथवरून, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावरून, उतरलेला गरम जॉब ते लगेच मोजू देत नसत. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढतो. आमच्या वर्नियर या मोजपट्टीचे लघुत्तम माप, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे ही वाढ त्यावर धड दिसायचीही नाही. तरी जॉब निवेपर्यंत थांबायचेच. आज मी संगणकीय मापनयंत्रावर काम करतो, त्या खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस का राखतात, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

व्यवसाय शिक्षणाने लवकर नोकरी लागते, एवढेच त्याचे मोल सांगितले जाते, ते मला फार अपुरे वाटते. आपले काम चोख उतरले की नाही, हे दुसऱ्याने सांगण्याआधी स्वतःला कळू लागले की त्या कामाचा कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव आहे. प्रात्यक्षिकाचे तास कमी करून पडद्यावरच्या सरावावर भागवावे असे कोणी म्हणते, तेव्हा म्हणूनच वाईट वाटते. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्राची आज्ञावली बिनचूक लिहिणारी मुले माझ्याकडे येतात; पण ज्यांनी हाताने धातू कापलेला नसतो, त्यांना धार गेलेल्या हत्याराचा आवाज ओळखायला बराच काळ लागतो.

कार्यशाळेत नवी यंत्रे जरूर यावीत, त्यासाठी आम्ही माजी विद्यार्थी यथाशक्ती हातभार लावू. मात्र त्यांना जागा करताना व्हाइसची रांग काढू नये, अशी माझी व्यवस्थापनाला कळकळीची विनंती आहे.