तुम्ही विचारलंत म्हणून : ॲनिमे लिहायला आधी सोसावं लागतं का?

जपानी शिकणाऱ्या मुलांकडून, पुण्यातल्या तर हमखास, हा प्रश्न येतो. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, पटकथाकार मारी ओकादा यांनी लिहिलेलं काहीतरी पाहून झालेलं असतं, डोळे पुसून झालेले असतात. मग त्यांच्या लहानपणाविषयी कुठेतरी वाचनात येतं आणि प्रश्न तयार होतो : "एवढं सोसलं म्हणूनच तिला असं लिहिता आलं ना? आमचं आयुष्य सरळसोट गेलं, आम्ही काय लिहिणार?"

उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' म्हटल्यानं कुणाचं समाधान होत नाही. ओकादांची कहाणी सगळे सांगतात. त्यांचा धंदा काय आहे, तो कसा चालतो, हे सहसा कुणी सांगत नाही आणि खरं उत्तर तिथेच आहे.

कहाणी थोडक्यात अशी. जन्म १९७६चा, सायतामा प्रांतातल्या चिचिबु गावचा. गाव डोंगरांनी वेढलेलं, तोक्योपासून रेल्वेनं दीडेक तासावर. शाळेत छळ झाला, प्राथमिक शाळा संपायच्या आतच जाणं सुटलं आणि पुढची बरीच वर्षं घरात गेली. घरी आई आणि आजोबा. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी जपानीत 'फुतोको' असा रूढ शब्दच आहे, इतकी ती गोष्ट तिथे ओळखीची आहे. पुढे त्या तोक्योला गेम बनवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत गेल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच २०१७ साली आत्मकथनात लिहिलं आहे.

आता तारखा लावून बघा. थेट व्हिडिओवर निघणाऱ्या स्वस्तातल्या चित्रपटांसाठी लिहून सुरुवात. टीव्ही ॲनिमेत पहिलं नाव १९९८ साली. त्यानंतर दहाएक वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांतले सुटे भाग, मग हळूहळू अख्ख्या मालिकांची जबाबदारी. शाळेत न जाणारा नायक आणि चिचिबुची पार्श्वभूमी असलेली 'आनोहाना' आली ती एप्रिल २०११मध्ये. म्हणजे जखम लहानपणची, पण ती कागदावर या रूपात उतरली पहिल्या श्रेयनामानंतर तेरा वर्षांनी. त्याच २०११च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या हातच्या पाच मालिका सुरू झाल्या. दुःखाच्या जोरावर सहा महिन्यांत पाच मालिका निघत नाहीत. त्याला हात बसलेला लागतो.

हात बसतो कसा, ते सांगतो.

टीव्हीवरचा अर्ध्या तासाचा भाग प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा नसतो. सुरुवातीचं गाणं ९० सेकंद, शेवटचं ९० सेकंद, मध्ये जाहिराती. गोष्टीला उरतात साधारण २१ मिनिटं, तीही जाहिरातीच्या अलीकडे-पलीकडे दोन तुकड्यांत. जपानी पटकथेचा जुना हिशेब असा की ४०० चौकटींचा कागद (चौकटीत एक अक्षर) म्हणजे एक मिनिट. धंद्यात मात्र २०० चौकटींचा अर्धा कागद मोजतात, त्याला 'पेरा' म्हणतात. म्हणजे पेरामागे अर्धं मिनिट. हिशेबानं भागाला ४२ पेरा, पण ॲनिमेतले संवाद भरभर चालतात, त्यामुळे आकडा सर्रास वर जातो. आता सगळे संगणकावर लिहितात, तरी बोलताना मोजमाप पेरातच.

पानावर तीनच गोष्टी. 'हाशिरा' म्हणजे खांब : स्थळ आणि वेळ सांगणारी, गोल खूण करून लिहिलेली ओळ. 'सेरिफु' म्हणजे संवाद. आणि 'तोगाकी', म्हणजे कोण काय करतं ते. हा शब्द काबुकीच्या संहितांतून आला, तिथे अशा सूचनेआधी 'तो' हे अक्षर लिहीत. नवशिक्याची फजिती तोगाकीत होते. तो लिहितो : "आईचे शब्द आठवून आयाला गलबलून येतं." छान आहे, कादंबरीत चालेल. इथे पुढचा माणूस विचारणार की यात काढू काय? जाणता लेखक लिहितो : "आया डबा उघडते. बघते. झाकण परत लावते." हे काढता येतं. आणि स्वस्तात काढता येतं, हेही महत्त्वाचं, कारण तिनं डबा खायला सुरुवात केली असती तर चॉपस्टिक धरलेली बोटं, तोंड, चघळणं, घास कमी होत जाणं हे सगळं कुणीतरी चित्रामागून चित्र काढत बसलं असतं. जेवण, वाद्य वाजवणं, घोडे, गर्दी यांनी ॲनिमेटर रडकुंडीला येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा प्रसंग लिहायला एक ओळ लागते : "मैदान गजबजलेलं." त्या एका ओळीत सगळ्यांचे नवे कपडे, नव्या पार्श्वभूमी आणि शे-दोनशे माणसं असतात.

बारा-तेरा भागांच्या तीन महिन्यांच्या हंगामाला 'कूर' म्हणतात. त्याचा आराखडा करणारा मुख्य लेखक म्हणजे 'शिरीझु कोसेई'. कुठल्या भागात काय घडणार, मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिक्सवरून, असेल तर कुठला अंक कुठे थांबणार, कुठला भाग कुणी लिहायचा, हे तो ठरवतो. पहिला आणि शेवटचा भाग बहुधा स्वतःकडे ठेवतो. मग प्रत्येक भागाचा छोटा प्लॉट, तो मान्य झाला की पहिला खर्डा, म्हणजे 'शोको'. आणि मग 'होन-योमी'.

होन-योमी म्हणजे शब्दशः संहितावाचन, पण प्रत्यक्षात ती पंचायत असते. टेबलाभोवती दिग्दर्शक, कोसेई लेखक, स्टुडिओचा निर्माता, पैसे घातलेल्या कंपन्यांची माणसं, मूळ मांगा असेल तर प्रकाशनाचा संपादक. साधारण आठवड्याला एक बैठक, काही तासांची. खर्डा आधीच सगळ्यांना गेलेला असतो. आता एकेक जण बोलतो, लेखक टिपून घेतो आणि पुढच्या बैठकीला दुसरा खर्डा आणतो. मग तिसरा, कधी पाचवा. सगळ्यांनी मान डोलावली की तो 'केत्तेइको', पक्का खर्डा.

या खोलीत माणसं गळतात, हातातलं लेखन चांगलं असूनही. कारण शेरे एकमेकांना छेद देतात. एक म्हणतो, नायिका फार लवकर रडते. दुसरा म्हणतो, तिचं दुःख पोचतच नाही. नवा लेखक गोंधळतो, रडणं दोन पानं पुढे ढकलतो, वर दोन वाक्यं वाढवतो आणि दोघंही नाराज होतात. खरं तर दोघांचंही बरोबर असतं : रडण्याच्या तीन पानं आधीचा प्रसंग कच्चा राहिलेला असतो. शेरा जिथे पडतो तिथे दुखणं क्वचितच असतं. हे कळायला वर्षं जातात, आणि तोवर दर आठवड्याला आपण लिहिलेलं आपल्यासमोर उसवलं जाताना शांत बसून टिपणं काढायची असतात. स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग जसाच्या तसा घेऊन गेलेल्याला हे जास्तच जड जातं. "असं कुणी वागत नाही," असं समोरचा म्हणतो आणि "मी वागलो होतो," हे तिथे उत्तर होऊ शकत नाही.

पक्का खर्डासुद्धा पक्का नसतोच. त्यावरून 'एकोन्ते' होतो, म्हणजे प्रत्येक शॉटचं कच्चं चित्र आणि सेकंद. तिथे वेळेत बसेना म्हणून संवाद उडतात, दोन प्रसंग एक होतात. प्रेक्षकाला हे माहीत नसतं. पडद्यावर लेखकाचं नाव असतं, शिव्या त्याला मिळतात. ओकादांच्या वाट्याला त्या बऱ्याच आल्या. त्यांनी २०१८ साली 'सायोनारा नो आसा नि याकुसोकु नो हाना ओ काझारो' (जगभर 'माकिया' म्हणून गेलेला चित्रपट) स्वतः दिग्दर्शित केला. शंभर टक्के ओकादा असलेलं काम बघायचं आहे, असं पी. ए. वर्क्स या ॲनिमे स्टुडिओचे केन्जी होरिकावा म्हणाले होते, तिथून ते सुरू झालं. पटकथाकार थेट ॲनिमेचा दिग्दर्शक होणं तिथे दुर्मीळ, कारण बहुतेक दिग्दर्शक चित्रं काढणाऱ्यांतून किंवा निर्मितीच्या धावपळीतून वर आलेले असतात.

एक कागद मात्र मराठी माणसाला लगेच उमजेल. त्याला 'कोशोह्यो' म्हणतात : कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, याचा तक्ता. आपल्याकडे तू, तुम्ही, अहो, अगं यांच्यावर अख्खी नाटकं उभी राहतात, तसंच. शिवाय जपानीत 'मी'सुद्धा एक नाही : ओरे, बोकु, वाताशी, आताशी, म्हाताऱ्याचा वाशी. आनोहानात सहा मित्र आहेत. प्रत्येकाची पाचांना हाक म्हणजे तीस चौकटी, वर प्रत्येकाचा स्वतःचा 'मी', अशा छत्तीस. लहानपणी नायक जिंता आपल्या मैत्रिणीला 'आनारु' म्हणायचा. मालिका सुरू होते तेव्हा तो तिला 'आन्जो' अशी आडनावानं हाक मारतो आणि तीही त्याला 'यादोमी' म्हणते. मध्ये काय झालं ते अजून कुणी सांगितलेलं नसतं, पण दोन आडनावांत अंतर कळतं. आणि हेच कलाकुसरीचं काम आहे, ते दुःख असलेल्याला आपोआप जमत नाही. अशा मालिकेचे वेगवेगळे भाग चार लेखकांनी लिहिले आणि एकानं चुकून चौथ्या भागात 'आनारु' म्हणवून टाकलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. म्हणून तो तक्ता.

पैशांचंही विचारता, ते योग्यच. पटकथाकार बहुधा स्टुडिओचा नोकर नसतो. भागामागे मानधन, कोसेईचं वेगळं. मानधनातून १०.२१ टक्के कर आधीच कापला जातो. मालिका उभीच राहिली नाही तर प्लॉटवर घालवलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतीलच असं नाही, आणि उभ्या न राहणाऱ्या मालिका पुष्कळ असतात. ऑक्टोबर २०२३पासून तिथे इनव्हॉइस पद्धत आली. वर्षाला एक कोटी येनच्या आत कमावणारे, आधी उपभोग कर न भरणारे, त्यात अडकले : नोंदणी केली तर कर भरा, नाही केली तर काम देणारा कुरकुरतो, कारण त्याला त्या कराची पूर्ण वजावट मिळत नाही. नोव्हेंबर २०२४पासून फ्रीलान्सरांसाठीचा कायदा लागू झाला, त्यामुळे अटी लेखी द्याव्या लागतात आणि काम हाती आल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे. लेखी अटी मागणं हे तोवर आगाऊपणाचं समजलं जाई.

एका बाबतीत मात्र पटकथाकार ॲनिमेटरपेक्षा सुखी आहे. जपानी स्वामित्वहक्क कायद्याचं १६वं कलम चित्रपटाचे कर्ते कोण ते सांगताना मूळ कादंबरी, पटकथा आणि संगीत यांच्या कर्त्यांना वेगळं काढतं. ऐकायला अपमान वाटतो, पण फायदा आहे : पटकथा ही स्वतंत्र कृती ठरते, तिचा हक्क चित्रपटाबरोबर निर्मात्याकडे आपोआप जात नाही. पुनःप्रक्षेपण झालं, डिस्क निघाली की लेखकाला वाटा मिळू शकतो आणि तो गोळा करायला लेखकांच्या सहकारी संघटना आहेत. दिग्दर्शकाचा हक्क २९व्या कलमानं निर्मात्याकडे जातो. अर्थात करारात 'सगळे हक्क एकरकमी विकत' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर वाटा विसरा. सही करण्याआधी तेवढी ओळ शोधावी.

राहिलं तुमचं 'आम्ही काय लिहिणार'. तोक्योत सिनारिओ सेंटर नावाची १९७०पासूनची शाळा आहे. तिथला सराव म्हणजे वीस पेरांची पटकथा, साधारण दहा मिनिटांची. एक झाली की दुसरी, वेगळ्या विषयावर. हे घरी मराठीतही करता येतं. दहा मिनिटं, दोन माणसं, फार तर तीन खांब. आधी हाकांचा तक्ता करा, दोन माणसांचा असला तरी. लिहून झालं की तोगाकीतली प्रत्येक ओळ बोटानं दाखवत चित्र काढणाऱ्या मैत्रिणीला विचारा, यात काय काढशील? ती जिथे थांबेल तिथे खूण करा. मग तिला कुठला प्रसंग पटला नाही ते विचारा, आणि दुरुस्ती त्याच्या आधीच्या प्रसंगात करून बघा.