सेकंडरी म्हणजे नक्की कोणती?

आमचा डेटाबेस एकाहून जास्त सर्व्हरवर असतो: राइट्स, म्हणजे नवीन लिहिणं, घेणारा तो प्रायमरी आणि त्याची नक्कल ठेवणारा तो सेकंडरी. रात्री दोनला फोनवर मी म्हटलं, "सेकंडरी रिस्टार्ट कर," आणि पलीकडच्या पोराने केली. दोन मिनिटांत पेमेंटचं पेज आडवं. चूक त्याची अजिबात नव्हती, त्याने ज्या सर्व्हरचं नाव डीबी-सेकंडरी होतं तोच रिस्टार्ट केला, फक्त त्या सर्व्हरला तीन महिन्यांपूर्वीच्या फेलओव्हरमध्ये (मुख्य सर्व्हर पडला की दुसऱ्याने जागा घेणं) प्रमोट, म्हणजे मुख्य केलेलं होतं, तेव्हापासून सगळे राइट्स तिथेच जात होते आणि नाव बदलायचं काम "नंतर बघू" म्हणून जे राहिलं ते राहिलंच. माझ्या डोक्यातली सेकंडरी म्हणजे जिचं नाव डीबी-प्रायमरी होतं ती. आता लिहिताना हसू येतंय, त्या रात्री नव्हतं आलं.

मग टीममध्ये बसून एकदाचे शब्द ठरवायला घेतले. मला वाटलेलं अर्ध्या तासाचं काम, गेले दोन आठवडे. कारण प्रत्येक सिस्टिमची बोली वेगळी. पोस्टग्रेसवाले प्रायमरी-स्टँडबाय म्हणणार, मोंगोवाले प्रायमरी-सेकंडरी, काफ्कावाले लीडर-फॉलोअर. रेडिसची तर वेगळीच गंमत, त्यांनी २०१८ मध्ये आवृत्ती ५.० ला रेप्लिकाऑफ ही कमांड आणली (रेप्लिका म्हणजे नक्कल ठेवणारा सर्व्हर, त्याचं जुनं नाव स्लेव्ह) पण मास्टर, म्हणजे प्रायमरीचं जुनं नाव, तसाच ठेवला, आणि इन्फो कमांड मारली की रोल म्हणून स्लेव्हच छापून येतं. आणि आमच्याकडे यातलं जवळपास सगळं आहे.

मास्टर-स्लेव्ह ठेवायचं का यावर एक सिनियर अडून बसले, इतकी वर्षं चाललंय, कुणाला काय त्रास होतोय. मी म्हटलं सर, उद्याच्या स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) मराठीत म्हणून दाखवा, "आपला गुलाम मालकापेक्षा चाळीस सेकंद मागे पडलाय." म्हणवेना त्यांना. इंग्रजीत असलं की शब्द टोचत नाही एवढंच. बाकीच्या जगाने हे कधीच उरकलंय, जँगो या वेब फ्रेमवर्कवाल्यांनी २०१४ लाच आधी लीडर-फॉलोअर केलं आणि मग लगेच प्रायमरी-रेप्लिकावर आले, मायएसक्यूएलने मास्टरचा सोर्स आणि स्लेव्हची रेप्लिका करणार असं जुलै २०२० मध्ये जाहीर केलं. आणि भावना बाजूला ठेवल्या तरी तो शब्द कामाचं वर्णन चुकीचं करतो, कारण मायएसक्यूएलमध्ये रेप्लिकाच सोर्सला कनेक्ट होऊन बिनलॉग (बदलांची नोंदवही) मागते, स्वतःकडे रिले लॉग या वहीत लिहून घेते आणि आपल्या वेगाने लावते. हुकूम वगैरे कुणी सोडत नाही.

खरा घोळ मास्टर काढल्यावर सुरू होतो. त्या जागी सोर्स म्हणायचं का प्रायमरी? आमच्याकडे साखळी आहे, क कडून ख बदल घेतो आणि ख कडून रिपोर्टिंगचा ग. आता ख काय? क च्या दृष्टीने रेप्लिका, ग च्या दृष्टीने सोर्स, म्हणजे मामा कुणाचा तरी भाचा असतोच तसं. सोर्स हे नातं झालं, प्रायमरी हे पद झालं, एका सेटअपमध्ये राइट्स घेणारा एकच. हे कळल्यावर आमचं निम्मं भांडण मिटलं, दोन्ही शब्द ठेवले, पण वेगळ्या कामांना.

रेप्लिका शब्दही वाटतो तितका साधा नाही. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणारी सिस्टिम) रेप्लिका तीन म्हणजे तीन सारखेच पॉड, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या तीन चालत्या प्रती, त्यात मोठा-धाकटा कुणी नाही. काफ्कात रेप्लिकेशन फॅक्टर (किती प्रती ठेवायच्या तो आकडा) तीन म्हटलं की लीडर धरून तीन, आणि एसक्यूएल सर्व्हरच्या ऑलवेज ऑनमध्ये तर प्रायमरीलाच प्रायमरी रेप्लिका म्हणतात. त्यामुळे "किती रेप्लिका आहेत" या प्रश्नाला आमच्याकडे दोन माणसं दोन आकडे सांगायची आणि दोघंही बरोबर असायची. आता डेटाबेसबद्दल बोलताना प्रायमरी सोडून मोजायचं, असं लिहूनच टाकलंय.

स्टँडबायचं तसंच. पोस्टग्रेसच्या हॉट स्टँडबायवर बिनधास्त रीड क्वेरी मारता येते, आवृत्ती ९.० पासून, पण आरडीएसच्या (अॅमेझॉनची डेटाबेस सेवा) एका स्टँडबायवाल्या मल्टी-एझेडमध्ये, म्हणजे राखीव सर्व्हर वेगळ्या झोनमध्ये ठेवण्याच्या सोयीत, तो स्टँडबाय फक्त फेलओव्हरसाठी बसलेला असतो, वाचायला मिळत नाही. वाचायला हवं तर रीड रेप्लिका वेगळी घ्यायची.

एका शब्दावर मात्र मी सरळ बंदी घातली, बॅकअप. आमच्या प्रॉडक्टवाल्यांना वाटायचं रेप्लिका आहे म्हणजे बॅकअप आहे. अरे बाबांनो, कुणी व्हेअर (कोणत्या नोंदी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलं तर ते डिलीटही इमानेइतबारे तिकडे पोचतं. मुद्दाम तासभर मागे ठेवलेली रेप्लिका असेल तर थोडी आशा, तीही वेळेत थांबवली तर. आणि रेप्लिका म्हणजे शिक्का मारलेली सत्यप्रतही नव्हे, असिंक्रोनस असेल (प्रायमरी तिची वाट न बघता पुढे जाते) तर ती कायम किंचित शिळीच.

सर्व्हरच्या नावातून पद काढून टाकलं ते बेस्ट झालं. आता नुसते नंबर, डीबी-११, डीबी-१२, आणि आत्ता प्रायमरी कोण ते वेगळ्या डीएनएस नावावरून (सर्व्हरचा पत्ता दाखवणारं नाव) कळतं जे फेलओव्हरबरोबर हलतं. फोनवर नंबर बोलायचा, पद नाही.

स्क्रिप्ट मात्र राहिल्या होत्या. मायएसक्यूएलने आवृत्ती ८.०.२२ पासून रेप्लिकाची स्थिती दाखवणारी शो रेप्लिका स्टेटस ही कमांड दिलेली, आम्ही वॉर्निंगकडे कानाडोळा करत जुनंच चालवत बसलो आणि २०२४ च्या ८.४ मध्ये शो स्लेव्ह स्टेटस काढूनच टाकलं. आमची लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) मोजायची स्क्रिप्ट सेकंड्स बिहाइंड मास्टर शोधायची, आता कमांडच एरर देणार म्हणून काहीच सापडेना, आणि ज्याने कुणी ती लिहिली होती (बरं, मीच) त्याने रिकाम्या उत्तराचा अर्थ शून्य धरलेला. डॅशबोर्ड चार दिवस हिरवागार, लॅग शून्य. इतकी चांगली तब्येत कधीच नसते म्हणून शेवटी शंका आली.

आता विकीवर एक टेबल आहे, डावीकडे आमचा शब्द, उजवीकडे त्या त्या डेटाबेसचा. परवा नवीन आलेल्या मुलीने युजर बनवताना विचारलं की आपण स्लेव्ह म्हणत नाही ना, मग ग्रँटमध्ये (परवानगी देणारी कमांड) रिप्लिकेशन स्लेव्ह का लिहिलंय. तिला सांगितलं, त्या परवानगीचं नाव ८.४ मध्येही तेच आहे, तिथे आपलं चालत नाही. तिने टेबलात शेवटची ओळ वाढवली, उजवीकडे ते नाव आणि डावीकडे नुसता डॅश.