सदाफुलीला ताण देऊन पाहिला: उन्हाळ्याची नोंद

फेब्रुवारी
एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली गुलाबी सदाफुलीची रोपं ग्रिलमध्ये मांडली. कुंड्या प्लास्टिकच्या, ८ इंची. माती सगळ्यांना सारखीच: लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, थोडी जाड वाळू. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे दुपारभर ऊन आणि वर समुद्राकडचा वारा. पाण्याचा ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं, तर फुलं वाढतात का ते बघायला गट तीन. ‘रोज’ला खालून निथळेपर्यंत पाणी. ‘मधल्या’ला मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून कोरडं लागलं की. ‘ताण’ला सकाळीसुद्धा पानं मलूल दिसली तरच. दुपारच्या मलूलपणावर जायचं नाही. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडत असतं, ऊन उतरलं की झाड सावरतं.

मार्च
बोटापेक्षा बॅगा तोलायचा हुकाचा काटा बरा. वाऱ्याने वरचा थर वाळतो, तळ मात्र ओलाच. निथळलेल्या कुंडीचं वजन एकदा लिहून ठेवलं की पुढे उचलूनही अंदाज येतो.

एप्रिल
‘ताण’ गटातलं कोकोपीट पार वाळलं आणि पाणी पिईनासं झालं. ओतलेलं सगळं कडेकडेने उतरून थेट खालच्या काकूंच्या पापडांवर! आता या कुंड्या अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवायच्या आणि तोलून बघायच्या. हे केलं नाही, तर आपण ‘पाणी दिलं’ असं लिहितो आणि झाड उपाशीच.

मे
बोगनवेलीला ताण दिला की ती भरभरून फुलते, म्हणून सदाफुलीलाही द्या, असं बरेच जण सांगतात. माझ्या कुंड्यांत तसं काही झालं नाही. बोगनवेलीत पानाच्या बगलेतल्या एकाच डोळ्याचा (कोंबाचा) काटा होतो किंवा फुलोरा, आणि ताणाने पारडं फुलोऱ्याकडे झुकतं. सदाफुलीचं गणित वेगळं. तिचा शेंडा वाढत राहतो आणि वरच्या पानांच्या बगलेत फुलं येत राहतात; वाढ थांबली की फुलंही थांबली. ‘ताण’ची झाडं जगली, पण खालची पानं पिवळी पडून गळाली, फुलं लहान आणि मोजकी. ‘रोज’ची पानं मोठी, हिरवीगार, फांद्या मात्र लांबट नि लुळ्या. फुलांत ‘मधला’ गट उघड पुढे.

जून
जून ते सप्टेंबर मुंबईत सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पाण्याचे गट करायला वावच नाही. पहिल्याच झडीत ‘रोज’मधली दोन झाडं ओल्या मातीत माना टाकून बसली. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे उरलंसुरलं मारणं. एक उपटून पाहिलं: मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल सुटून येते. मूळकूजच. ती माती फेकली, कुंडी ब्लीचने धुतली. ‘मधल्या’ गटाची पत्र्याखाली सोय केली आहे. त्याच्याच फांद्या पुढच्या खेपेला मातीच्या कुंड्यांत लावणार, म्हणजे प्लास्टिकचा वाटा किती तेही कळेल.