पाळणाघराचं पाणी तपासून घेताना: माझा अनुभव

2025 च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळू लागले आणि नांदेड, किरकटवाडी, धायरी ही आमच्या रोजच्या येण्याजाण्यातली नावं बातम्यांत येऊ लागली. माझं पाळणाघर याच भागात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. सहा महिन्यांच्या बाळांपासून चार वर्षांपर्यंतची मुलं दिवसभर माझ्याकडे असतात. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण पोटाच्या संसर्गानंतर एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायातली ताकद जाते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तो दूषित पाण्याअन्नातून पोटात जातो. त्यामुळे सकाळी मुलांना सोडायला येणारे आईबाबा दारातच विचारू लागले, "काकू, पाणी कुठलं देता?"

त्याच सुमारास एका कंपनीशी माझं बोलणं चाललं होतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तेव्हा मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनुसार पाळणाघराची सोय करावी लागत होती, म्हणून त्यांना जवळच्या पाळणाघराशी करार करायचा होता. त्यांच्या यादीत एक ओळ होती: आयएस 10500 (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे पाण्याचा तपासणी अहवाल, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा.

स्वयंपाकघरात चांगल्यापैकी आरओ-यूव्हीचा फिल्टर होता. एक बाबा तर स्वतःचं टीडीएस मीटर घेऊन आले आणि आकडा कमी बघून निश्चिंत झाले. त्यांची काळजी खरी होती, पण ते मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. टीडीएस पन्नास असलेल्या पाण्यातही जिवाणू असू शकतात. हे सगळ्या पालकांना समजावण्यात माझा बराच वेळ गेला आणि तो वेळ वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी नमुना घेण्याची रीत नीट सांगितली. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते, आत चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असतं. पाण्यातलं क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहू नये म्हणून ते घातलेलं असतं, त्यामुळे बाटली विसळायची नाही. नळाची जाळी काढायची, तोंड स्पिरिटने पुसायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, वर थोडी जागा ठेवून भरायचं आणि बर्फाच्या डब्यातून लगेच पोहोचवायचं. रासायनिक तपासणीसाठी वेगळा कॅन.

मी नमुने तीन ठिकाणचे दिले: महापालिकेची लाइन सोसायटीत येते तिथला, स्वयंपाकघरातल्या नळाचा आणि फिल्टरचा. फक्त फिल्टरचा दिला असता तरी करारासाठी भागलं असतं. पण त्यात काही निघालं असतं, तर बिघाड कुठे आहे ते कळलं नसतं.

महापालिकेच्या लाइनचं पाणी स्वच्छ निघालं, त्यात क्लोरीनही होतं. स्वयंपाकघरातल्या नळात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, आढळले. फिल्टरच्या पाण्यातही आढळले. विष्ठेतून येणारे ई. कोलाय जिवाणू कुठेच नव्हते, पण मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात या दोन्हींपैकी काहीच आढळता कामा नये. फिल्टरच्या पाण्यात कसे, या प्रश्नाने मला झोप लागेना. उत्तर त्या ताईंनीच दिलं. फिल्टरमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे शुद्ध झालेलं पाणी फिल्टरच्याच साठवण टाकीत उघडं पडतं. टाकी किंवा तोटी आतून अस्वच्छ असेल तर जिवाणू तिथे पुन्हा वाढतात.

नळाचं कारण सोसायटीच्या टाक्यांत होतं. खालच्या टाकीत महापालिकेचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी एकत्र होत होतं. टँकर-बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसल्यासारखंच, त्यामुळे लाइनमधून आलेलं क्लोरीनही त्यात संपून जायचं. वरच्या टाकीचं झाकण एका बाजूने तुटलेलं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, "ताई, टाक्या दिवाळीत धुतल्यात, आता परत खर्च कशाला?" मी अहवालाची प्रत त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की हेच पाणी वरच्या सगळ्या घरांत जातंय. त्यांची नातही याच इमारतीत राहते. मग सभा झाली, टाक्या धुतल्या, झाकण बदललं, जाळी बसली आणि खालच्या टाकीत मोजून क्लोरीन घालायचं काम वॉचमनदादांकडे नेमून दिलं. क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास तरी पाणी वापरायचं नाही, हे त्यांना मी स्वतः समजावलं.

रासायनिक अहवालात नायट्रेट मी सगळ्यात आधी बघितलं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे आणि त्यात सूट नाही. लहान बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता जास्त नायट्रेटने घटते, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. बोअरचं पाणी मिसळत असेल तर पावडरचं दूध पिणाऱ्या बाळांसाठी ही तपासणी कुणीही टाळू नये. आमचं मर्यादेत निघालं. टीडीएस आणि कठीणपणा जास्त होता, पण त्याने मुलांना अपाय नव्हता.

आता फिल्टरची टाकी आणि तोटी ठरलेल्या वारी साफ होते, आणि तरीही प्यायचं पाणी आम्ही खळाखळा उकळून घेतो. ते स्टीलच्या तोटीच्या पिंपात, झाकून. पिंपात पेला बुडवणं बंद. प्रत्येक मुलाची बाटली वेगळी, नाव लिहिलेली. दुधाची पावडर मुळात निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान 70 अंश गरम पाण्यात कालवायची आणि मग निववून पाजायची. हे मावशींना आधी पटत नव्हतं, कारण कोमट पाण्यात पटकन काम होतं आणि बाळ रडत असतं. मी रोज त्यांच्याबरोबर उभी राहून केलं, तेव्हा हाताला सवय लागली.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करते. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. रंग आला नाही तर लगेच सेक्रेटरी काकांना फोन. नोंदवही दाराशीच टांगली आहे, पालक येताजाता बघतात.

टाक्या धुतल्यानंतर नमुने पुन्हा दिले, तेव्हा तिन्ही ठिकाणी कोलिफॉर्म नव्हते. तो अहवाल कंपनीला दिला आणि करार झाला. अहवाल त्या बाटलीतल्या पाण्यापुरताच असतो, म्हणून पावसाळा सुरू झाल्यावर परत नमुना द्यायचं आम्ही सभेतच ठरवून घेतलं आहे आणि त्याचा खर्च सोसायटी व मी निम्मा-निम्मा करणार आहोत.