राहू दे गं

‘राहू दे गं, तू थोडक्यात सांग ना काय आहे ते.’ आज ग्रंथालयात म. एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता, चिडचिड नव्हती. संध्याकाळपासून तेच कानात घुमतंय. ओरडली असती तर बरं झालं असतं.

फाइल मीच पाठवली होती. चौदा पानांची पीडीएफ, २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यावरचं टिपण. माझ्या स्क्रीनवर स्वच्छ मराठी. म.ला दिसत नाही, ती स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकते. तिने हेडफोनचा एक कान मला दिला, तेव्हा ऐकू आलं: व्हीएफ स्लॅश केडीकेजे. तो शब्द ‘अधिकार’ होता.

टिपण क्रुतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं आहे. त्यात ‘अधिकार’ लिहिलं की फाइलमध्ये सात इंग्रजी खुणा साठतात: व्ही, एफ, स्लॅश, के, डी, के, जे. पहिला के हा ‘ध’चा दांडा, दुसरा ‘का’चा काना. फॉन्ट त्यावर देवनागरीचं रूप चढवतो, ते डोळ्यांपुरतं. स्क्रीन रीडर रूप बघत नाही, साठवलेलं वाचतो. हे ओळखायला दहा सेकंद पुरतात. एक ओळ निवडायची, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायची. इंग्रजी अक्षरं उमटली तर जुना फॉन्ट, ओळ निवडताच आली नाही तर पान म्हणजे नुसतं चित्र. हे मला माहीत होतं. माहीत असून पाठवली.

मागच्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाचा रतुरी खटल्यातला ८ नोव्हेंबर २०२४चा निकाल शिकवून झाला वर्गात. याच कायद्याखालचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरला, कारण सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष त्यात शिफारशींसारखे उरले होते. कायद्याला सक्ती अभिप्रेत आहे. ‘किमान सक्तीचे निकष’ याखाली मी दोन रेघा मारल्यात वहीत. आणि तिने ‘राहू दे’ म्हणावं, हे मला चाललं. दुपारी मी खरंच थोडक्यात सांगायला लागले होते! तिला माझा सारांश मिळाला, टिपण मिळालं नाही.

आठ वाजता बसले. आधी कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलणारा प्रोग्रॅम. त्यात पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं उलट. त्यामुळे ‘धर्म’, ‘कार्य’, ‘निर्णय’ असे शब्द एकेक करून तपासायचे. मजकुरात मधेमधे खरे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी खिचडी करतो. ते आधी बाजूला काढून ठेवावेत. मी ठेवले नव्हते, म्हणून दोन पानं पुन्हा केली.

अकरा आणि बारा ही पानं चित्रं निघाली. ग्रंथालयातली प्रत ३०० डीपीआयने सरळ स्कॅन करून आणलेली होती म्हणून निभावलं; चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी मॉडेल चाललं. तरी अनुस्वार गळतात, तळटीप वाक्याच्या मध्ये घुसते, आणि आकडे बोट ठेवून ताडून बघावे लागतात. ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीतला एक अंक चुकला तर कुणाला काय मिळतं, तेच बदलतं.

साडेदहाला रडू आलं. माझाही सोमवारी पेपर आहे. टाईप करणाऱ्याने युनिकोडमध्ये केलं असतं तर? घरी कुणाला सांगितलं तर म्हणतील, वाचून दाखव ना फोनवर, एवढं काय. आईचा फोनही घेतला नाही. असो.

मग वाटलं, हे अडीच तास कुणी ना कुणी देतंच. इतके दिवस ती देत असणार, प्रत्येक फाइलमागे. त्यातूनच ते ‘राहू दे’ आलं असेल का? तिला विचारायचं धाडस अजून नाही.

तेरा पानं झाली. मथळे ठळक करून सोडले नाहीत, हेडिंगची स्टाइल लावली, म्हणजे तिला एच दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येईल. भाषा मराठी ठरवली, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो. वर्ड फाइलच पाठवणार. कॉपीराइटची भीती काढून टाकली. कॉपीराइट कायद्यातलं, २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५२(१)(झेडबी) नेमकं यासाठीच आहे, दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करण्यासाठी.

उरलाय नवव्या पानावरचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांचा तक्ता. ‘शारीरिक’ हा एकच चौकोन कितीतरी ओळींवर ताणलाय. डोळ्यांना कळतं, पण ऐकणाऱ्याला तो पहिल्या ओळीत भेटतो आणि पुढे कुठला प्रकार कुठल्या गटातला, याचा पत्ता लागत नाही. चौकोन फोडून प्रत्येक ओळीत गटाचं नाव पुन्हा लिहितेय. सातवी ओळ चालू आहे. उद्या दहाला तिच्या हेडफोनचा एक कान मागून पहिल्यापासून ऐकायचं.