तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कर्ज फेडू का आधी बचत करू?

मी हिशेबाच्या कामात आहे हे कळलं की ओळखीतलं कोणी ना कोणी हळूच बाजूला घेऊन हेच विचारतं, की डोक्यावर कर्ज आहे, महिन्याला थोडे पैसे उरतायत, मग ते कर्जात घालू का साठवू? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

उत्तर तसं छोटं आहे. महागडं कर्ज आधी, स्वस्त कर्ज सावकाश, आणि या दोन्हीच्या आधी हाताशी थोडी रोकड. पण आपलं कर्ज महागडं आहे का स्वस्त हेच बहुतेकांना माहीत नसतं. कर्ज किती टक्क्यांनी घेतलंय विचारलं की लोक हप्ता सांगतात. "बसतोय हो महिन्यात." अहो, मुदत ताणली की कुठलाही हप्ता बसतो, त्यात काय!

सगळ्यात वाईट क्रेडिट कार्डचं. समजा कार्ड महिन्याला ३.५ टक्के व्याज लावतंय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे सरळ गुणाकाराने ४२ झाले आणि व्याजावर व्याज धरलं तर ५१ च्या पुढे जातात. त्यात बिलावर ते मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, छापलेलं असतं, बऱ्याचदा बाकीच्या ५ टक्के वगैरे, आणि माणसाला वाटतं तेवढं भरलं म्हणजे आपण वेळेवर भरतोय. लेट फी वाचते, बाकी काही वाचत नाही. १ लाख बाकी आहे, नवीन एक पैसा खर्च केला नाही, दर महिन्याला इमानदारीत ५ टक्के भरत राहिलात, तर कर्ज अर्ध्यावर यायलाच जवळजवळ साडेतीन वर्षं लागतात, आणि तोपर्यंत तुम्ही दीड लाखाच्या वर भरून झालेले असता. दीड लाख भरून अजून पन्नास हजार बाकी! हा हिशेब मी समोर बसून करून दाखवते तेव्हा लोक कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन परत करून बघतात. आणि अजून एक, पूर्ण बिल भरलं नाही की खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदतही सहसा जाते, म्हणजे आज केलेल्या खरेदीवर आजपासूनच व्याज. कार्डवरून कॅश काढली तर बहुतेक ठिकाणी ती मुदत मुळातच नसते.

दुसरी गंमत फ्लॅट रेटची. "फक्त १० टक्के फ्लॅट" असं सांगून कर्ज देतात ना, त्यात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावतात, तुम्ही निम्मं फेडलेलं असलं तरी. तीन वर्षांच्या कर्जाला १० टक्के फ्लॅट म्हणजे आपण नेहमी ज्या पद्धतीने दर सांगतो, उरलेल्या रकमेवर, तसा जवळजवळ १८ टक्के पडतो. म्हणून सही करायच्या आधी एकच विचारायचं, दर रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या रकमेवर, आहे का फ्लॅट, आणि प्रोसेसिंग फी धरून एकूण किती परत द्यायचेत. समोरचा घुटमळला तर उठायचं तिथून.

आता बचतीचं. एकीकडे १ लाखाची एफडी ७ टक्क्यांनी पडून आहे आणि दुसरीकडे कार्डवर तेवढीच बाकी, असे लोक मला सारखे भेटतात, चांगले शिकलेले. एफडीतून वर्षाला ७ हजार येतात, त्यावर परत टॅक्स, आणि कार्डला ४२ हजारांच्या वर जातात. पण "एफडी मोडायची नाही" हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की सांगून पटत नाही. मोडा. एफडी मोडल्याचा दंड सहसा टक्का-अर्धा टक्का असतो, कार्डच्या व्याजापुढे तो काहीच नाही.

मात्र सगळी मोडू नका. साधारण महिनाभराचा खर्च बाजूला राहू दे, कारण ते नसलं तर पुढच्या आजारपणाला किंवा गाडी बंद पडली की परत तेच कार्ड बाहेर येतं आणि सगळं मुसळ केरात. महागडं कर्ज संपलं की मग तो साठा तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढा करत न्यायचा.

घराच्या कर्जाची घाई मी कोणाला करायला लावत नाही. त्याचा दर तुलनेने कमी असतो. फक्त एवढं माहीत असू दे, की ९ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात १ लाखामागे हप्ता ९०० च्या आसपास येतो आणि त्यातले पहिल्या महिन्यात ७५० नुसते व्याजाचे असतात, मुद्दल निम्म्यावर यायला १४ वर्षं जातात. त्यामुळे जादा पैसे भरायचे असतील तर सुरुवातीच्या वर्षांत भरा, आणि भरताना हप्ता कमी नको, मुदत कमी करा असं स्पष्ट सांगा.

चारपाच कर्जं असतील तर कुठलं आधी? हिशेबाने ज्याचा दर जास्त ते. काही जण सगळ्यात छोटं आधी संपवा म्हणतात, एक खातं बंद झालं की हुरूप येतो म्हणून, आणि दरांत फार फरक नसेल तर माझी हरकत नाही. पण कार्ड ४२ ला आणि दुसरं कर्ज १२ ला असताना हुरूप परवडत नाही. कार्डची बाकी स्वस्त पर्सनल लोनमधे वळवणंही चांगलं, पण कार्ड वापरणं थांबवणार असाल तरच, नाहीतर वर्षभरात लोनही आणि कार्डही.

बजेटबद्दल फार लिहीत नाही, ॲप वापरा, वही वापरा, काहीही. तो ५०-३०-२० चा नियम, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे निम्मे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचत आणि कर्जफेडीला, पुढे अमेरिकेत सिनेटर झालेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी मुलीबरोबर २००५ मधे लोकप्रिय केला. तेव्हा त्या दिवाळखोरीचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक होत्या. चांगलाय नियम, पण महागडं कर्ज डोक्यावर असताना हौसेचे ३० मला जास्त वाटतात. बजेट खरं फसतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. इन्शुरन्सचा प्रीमियम, फिया, गाडीचं काम, हे सगळं दरवर्षी येतं आणि दरवर्षी आपण त्याला "अचानक आलं" म्हणतो. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका.

आणि हो, कर्ज देणारा "थोडं कमी भरा, सेटल करून टाकू" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांच्या नोंदीत, ते खातं पूर्ण फेडलेलं म्हणून नाही, सेटल्ड म्हणून दिसतं आणि पुढचं कर्ज मागायला गेलात की नेमकं तेच आडवं येतं. पूर्ण भरलंत तर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, लेखी घ्या, आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट काढून खातं खरंच बंद दिसतंय का तेही बघा.