कमळपक्ष्याच्या घरट्याची नोंद

नांदूर मध्यमेश्वरला लोक येतात ते थंडीत, थापट्या आणि तलवार बदकं बघायला. मी निफाडची, त्यामुळे पावसाळाही माझ्या वाट्याला येतो, आणि इथले बरेच पक्षी संसार मांडतात तो पावसाळ्यातच. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून या पाणथळीचं नाव झालं, तरी जुलै-ऑगस्टमध्ये पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चिटपाखरू नसतं. म्हणून ठरवलं, एका तरी घरट्याची अंड्यांपासून पिलांपर्यंत ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नीट नोंद करायची.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी चापडगावच्या बाजूने पानवेलींवर कमळपक्षी दिसला. मानेमागे सोनेरी पट्टा, कोयत्यासारखी वळलेली लांब काळी शेपटी. ओल्या काड्यांच्या ढिगावर बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मी लगेच मोबाइल काढला. सोबतचे गाईडदादा म्हणाले, "ताई, आज घरटं म्हणून लिहू नका. नुसता बसला म्हणजे उबवतोय असं नसतं. अन् जवळ जायचं तर नावच काढू नका. तो उठला की कावळा टपलेलाच असतो."

मी फक्त पक्षी दिसल्याची नोंद केली. पुढच्या रविवारी तो उठला तेव्हा स्कोपमधून (लांबचं बघायच्या दुर्बिणीतून) चार अंडी स्पष्ट दिसली, तेल लावल्यासारखी चकचकीत, गडद तपकिरी. मादीचा पत्ता नव्हता. या पक्ष्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं आणि पिलं सांभाळणं सगळं बापाकडे.

मग नाशिककडे पावसाने जोर धरला आणि गंगापूर, दारणातून पाणी सोडलं. ते सगळं आमच्या बंधाऱ्यावर येतं आणि पुढे जायकवाडीला जातं. मराठवाड्याला ते पाणी हवंच असतं, मलाही ते कळतं. पण त्या आठवड्यात माझा डोळा लागेना. तरंगतं घरटं, त्याला ना बूड ना खुंटा.

रविवारी जुन्या जागी नुसतं गढूळ पाणी होतं. अर्धा तास शोधलं. दादांनीच दाखवला, काठाकडे सरकलेल्या पानवेलीच्या दाट पट्ट्यात. चोच आणि छाती यांच्यामध्ये एक अंडं दाबून तो मागे मागे सरकत होता. ते नव्या जागी ठेवलं, पायाने काड्या ओढल्या आणि बसला. किती अंडी वाचली ते त्या दिवशी कळलं नाही. मी आकडा लिहिला नाही, रकाना मोकळा सोडला.

१५ ऑगस्टला शाळेतलं झेंडावंदन उरकून थेट मनोरा गाठला. नर उभा होता, पण त्याला पाय फार दिसत होते. पंख किंचित फुगलेले आणि दोन्ही बाजूंनी बारीक, लांब बोटांचे पाय खाली लोंबकळत होते. पिलं बगलेत धरली होती! दोन पावलं चालून त्याने पंख सैल केले. एक उतरलं, दुसरं उतरलं, मग बऱ्याच वेळाने तिसरं. कापसाच्या बोंडाएवढी पिलं, आणि लगेच पानांवरून किडे टिपायला लागली.

चौथ्याची आम्ही तासभर वाट पाहिली. मग मी नोंद भरली: नर एक, पिलं तीन. दादांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "आता पाठवा, ताई."